अंगठा देण्याआधी : दवाखान्यातलं संशोधन आणि आपण

मागच्या महिन्यात दौंडला रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर बीपी तपासत बसले होते. एका आजीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "ताई, दवाखान्यातून दिलाय. नातवाच्या औषधाचा आहे म्हणे. मंगळवारी अंगठा द्यायला बोलावलंय. देऊ का?" कागद चार पानांचा. मराठीतच होता, पण असल्या मराठीत की मलाही दोनदा वाचावा लागला. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'संशोधनात सहभागासाठी माहितीपत्रक व संमतीपत्र'. शेजारी बसलेली तिची जाऊ म्हणाली, "देऊ नको गं. गरिबांवर प्रयोग करतात हे लोक." तेवढ्यात मागून एका दादांचा आवाज आला, "डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग द्यायचा अंगठा. ते काय वाईट सांगतील का?"

हे दोन्ही आवाज मी वीस वर्षं ऐकते आहे. दोघांचंही पूर्ण चुकत नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. त्या आजीला ओट्यावर जे सांगितलं ते आरोग्याच्या पानावर सगळ्यांसाठी लिहावं असं वाटलं, कारण शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांत असे कागद आता वरचेवर येतात.

सुरुवात वॉर्डापासून करते. नर्सिंगचा डिप्लोमा करत असताना एका मोठ्या रुग्णालयात माझी ड्यूटी होती. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर आले, मागे पंधरा विद्यार्थी. "आज चांगली केस आली आहे," म्हणत सगळे एका खाटेभोवती गोळा झाले. राउंड पुढे गेल्यावर रुग्णाची बायको माझ्याजवळ आली. "सिस्टर, चांगली केस म्हणजे माणूस बरा होणार ना?" मला काही बोलता येईना. वॉर्डात 'चांगली केस' म्हणजे दुर्मिळ केस. पुस्तकात क्वचित सापडणारा, परीक्षेत विचारला जाणारा आजार. माणूस बरा होण्याशी त्या शब्दाचा संबंध नसतो. त्या घोळक्यात एकानेही त्या बाईकडे वळून पाहिलं नव्हतं, हे मला अजून खुपतं.

पण त्या वागण्याचा राग आला म्हणून दुर्मिळ केस लिहून ठेवणंच चूक, असं मात्र मी म्हणणार नाही. वैद्यकशास्त्रातलं पुष्कळ ज्ञान तिथूनच सुरू होतं. एक वेगळा रुग्ण येतो, नेहमीच्या औषधाने बरा होत नाही, डॉक्टर त्याच्याजवळ थांबतो, पाहिलेलं लिहून ठेवतो. मग तसाच दुसरा येतो, तिसरा येतो. याचं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण महाडजवळचं आहे. चवदार तळ्यामुळे महाड आपल्या घराघरांत माहीत आहे. तिथल्या विंचवाची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. १९७६ मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. त्या भागात लाल विंचू चावलेले रुग्ण येत, त्यांत लहान मुलं पुष्कळ. घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या. मग काही तासांत श्वास लागायचा, तोंडातून फेस यायचा आणि मूल जायचं. पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं. बावस्करांनी काय केलं? रुग्णाच्या खाटेजवळ बसून ते नाडी, बीपी, श्वास, घाम यांची नोंद ठेवत गेले. हे काम ऐकायला साधं वाटतं. पण रात्रपाळीत दर अर्ध्या तासाला बीपी घेऊन चार्टवर लिहिणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ते किती कठीण आहे.

नोंदींतून त्यांना दिसलं ते असं. या विषाने शरीरातली तणावाची रसायनं एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदयावर ताण येऊन ते थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. म्हणजे विंचू पायाला चावतो, पण माणूस जातो तो हृदय आणि फुफ्फुसामुळे. धोक्याची लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. मग बीपीसाठी वापरली जाणारी प्रॅझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांना दिली, कारण ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. त्याबद्दलचा लेख १९८६ मध्ये तिथेच आला. पूर्वी गंभीर होऊन येणाऱ्यांत कितीतरी जण दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यू अगदी थोड्यांवर आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इथे जरा थांबते, कारण लाल विंचू फक्त कोकणात नाही, आपल्याकडेही आहे. उसाच्या फडात, वीटभट्टीवर रचलेल्या विटांत, सरपणात, दगडांच्या ढिगात, पावसाळ्यात अंथरुणात आणि चपलेत. चावल्यावर नुसता ठणका असेल आणि बाकी माणूस ठीक असेल तर बहुतेक वेळा धोका कमी असतो. पण घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, मुलगा असेल आणि त्याचं लिंग ताठ झालं, तर ठणका कमी असला तरी विष अंगात भिनलंय असं समजायचं आणि तडक ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन करा. उतारा, पाणी, दोरी बांधणं, ब्लेडने कापणं यात जाणारा अर्धा तास लेकराच्या वाट्याचा असतो. गोळी मात्र डॉक्टरच देतील. बीपी पाहून द्यायची असते, घरात आणून ठेवायची नव्हे.

तर इथवर झाली एकेका रुग्णाची नोंद. पुढची पायरी म्हणजे चाचणी, इंग्रजीत ट्रायल. त्या आजीच्या हातातला कागद या पायरीचा होता.

चाचणी का लागते? समजा नवं औषध दहा जणांना दिलं आणि आठ बरे झाले. ते औषधाने बरे झाले, की तसेही झाले असते? हे कळायला दोन गट करतात. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आता संगणकावर. डॉक्टरने ठरवलं तर तो ओळखीच्याला किंवा तब्येतीने बऱ्या असलेल्याला नकळत नव्या औषधाच्या गटात टाकेल आणि हिशोब खोटा ठरेल.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा लेख लिहितेय तो प्रश्न. *दुसऱ्या गटाला काय मिळतं?*

महाडचंच पुढचं पाहा. विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार झालं होतं. ते दिल्याने आणखी फायदा होतो का, हे बघायला बावस्करांनी ७० रुग्णांची चाचणी केली. ती २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष दोन्ही, ३५ जणांना फक्त प्रॅझोसिन. पहिल्या गटातले ३२ जण दहा तासांत बरे झाले, दुसऱ्यातले ८. म्हणजे प्रतिविषाने माणूस लवकर सावरतो हे सिद्ध झालं. पण दुसऱ्या गटाकडे बघा. त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं. जीव वाचवणारी, उपयोगी ठरलेली गोळी त्यांनाही मिळालीच. माझ्या मते चाचणी अशी असावी.

दुसरं उदाहरण आपल्या दाराशी आहे. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वढू बुद्रुकला गोविंद गोपाळांच्या समाधीलाही जातात. त्याच वढूत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचं ग्रामीण काम अनेक वर्षं चालू आहे. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत त्यांचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, आजार, कामासाठी आलेलं-गेलेलं कुटुंब, सगळ्याची नोंद ठेवतात. रोटाव्हायरसच्या लशीच्या मोठ्या चाचणीतलं एक ठिकाण हेच होतं.

रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना होणाऱ्या जोरदार जुलाबांचं मोठं कारण. ही लस कशी सापडली तेही सांगण्यासारखं आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांच्या शीत हा विषाणू सापडला, पण बाळांना जुलाब नव्हते. म्हणजे ती वेगळीच केस. कुणीतरी त्याकडे दुर्लक्ष न करता विषाणू जपून ठेवला आणि पुढे त्यापासूनच लस झाली. तिची चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू इथे ६,७९९ बाळांवर झाली. ४,५३२ बाळांना लस, २,२६७ बाळांना लशीसारखेच दिसणारे पण लस नसलेले थेंब. कुणाला काय मिळालं हे आईलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. लस घेतलेल्या बाळांत रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले, ५३.६ टक्क्यांनी. निकाल २०१४ मध्ये छापून आला. २०१६ पासून रोटाची लस टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. आज अंगणवाडीत सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला बाळाला रोटाचे डोस पाजतात, त्यामागे शिरूर तालुक्यातल्या आयांनीही आपली लेकरं पुढे केली होती. हे कुणी त्यांना सांगितलं का, माहीत नाही. म्हणून मी इथे लिहिते आहे.

पण या चाचणीतही तोच प्रश्न होता. त्या काळात रोटाच्या परदेशी लशी खासगी दवाखान्यात मिळत होत्या, महाग होत्या. सरकारी लसीकरणात कुठलीच नव्हती. मग एक तृतीयांश बाळांना नुसते थेंब देणं बरोबर का, यावर डॉक्टरांमध्येच वाद झाले. एक बाजू म्हणाली, यांना तसंही काही मिळत नव्हतं आणि चाचणीत आजारी बाळाची देखरेख, उपचार होतात. दुसरी म्हणाली, गरिबाला मिळत नाही हीच परिस्थिती चाचणीसाठी सोयीची करून घेऊ नका. मला विचाराल तर स्वस्त देशी लस व्हायलाच हवी होती आणि ती अशा चाचणीशिवाय झाली नसती. तरीही दुसऱ्या बाजूचं बोलणं मी मनातून काढू शकलेले नाही.

बार्शीबद्दल मात्र माझं मन इतकं दोन्हीकडे नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार खेड्यांतल्या बाया. चार गट. तिघांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी, चौथ्याची तपासणी नाही. फक्त माहिती आणि तपासणी कुठे होते ते सांगणं. आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात, सुमारे ३४ हजार बायांत, या कॅन्सरने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या गटात, सुमारे ३१ हजार बायांत, ६४ मृत्यू. जगभर या आकड्यांनी तपासणीची धोरणं बदलली, ते काम मोठं आहे यात शंका नाही. पण गर्भाशयमुखाची तपासणी उपयोगी असते हे परदेशात आधीच माहीत होतं. टीका करणाऱ्यांनी हेच विचारलं की मग चौथ्या गटाला आठ वर्षं तसंच का ठेवलं? संशोधकांचं उत्तर होतं की त्या खेड्यांत तेव्हा नेहमीची स्थितीच 'तपासणी नाही' अशी होती. मी एक बाई आहे, वस्तीतली आहे. 'नेहमीची स्थिती' हा शब्द वाचला की मला त्या चौसष्ट घरांतली चूल दिसते. (तिशी ओलांडलेल्या सगळ्या बायांना सांगते, ही तपासणी आता सरकारी दवाखान्यात फुकट होते. पाच मिनिटं लागतात. लाजू नका, आरोग्य केंद्रात विचारा.)

सगळं संशोधन औषधाचंच असतं असंही नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर बायांचं खाणं, वजन, रक्त तपासलं आणि पुढे त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. आपली बाळं जन्मतः लहान, सरासरी २.७ किलोची, पण इंग्लंडच्या बाळांशी ताडून पाहिलं तर चरबी त्या मानाने कमी नाही, कमी आहेत ते स्नायू. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाला कमी वयात शुगर का होते याचा एक धागा तिथून मिळाला. अशा अभ्यासात गोळी नसते, पण रक्त घेतात. म्हणून तिथे विचारायचं की माझं रक्त किती वर्षं ठेवणार, पुढे कशासाठी वापरणार आणि त्यातून काही आजार कळला तर मला सांगणार का?

आता कायद्याचं. २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम आहेत. त्यातलं आपल्या कामाचं सांगते. माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा भाषेत असलं पाहिजे आणि त्याची एक प्रत तुमच्या हातात दिली पाहिजे. घरी नेऊन चार जणांना दाखवायचा हक्क तुमचा आहे. वाचता येत नसेल तर सगळं समजावून सांगताना एक तटस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. नवीन औषधाच्या चाचणीत गरीब, बेघर, तातडीच्या अवस्थेतल्या अशा दुर्बल माणसाची संमती घेताना व्हिडिओ काढावा लागतो. मोबाईल समोर धरला म्हणून घाबरू नका, तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. 'नाही' म्हटलं तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. 'हो' म्हणून मध्येच सोडता येतं, कारण सांगायची गरज नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई द्यावी लागते, मृत्यू झाला तर वारसाला. गंभीर काही घडलं की डॉक्टरने २४ तासांत वर कळवायचं असतं. म्हणून तुम्हीही लगेच कळवा. 'गोळीने गरगरतं, पण डॉक्टर रागावतील' म्हणून गप्प बसू नका.

प्रत्येक चाचणीवर एथिक्स कमिटी असते. तिच्यात निदान सात जण, त्यांतले निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि एक तरी स्त्री असावी लागते. कमिटीचा फोन कागदावर छापलेला असतो. तो शोभेचा नसतो, लावायचा असतो. कागदावर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांकही शोधा. २००९ पासून देशातल्या औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद करावी लागते. कॉलेजला जाणारं कुठलंही पोर मोबाईलवर तो क्रमांक टाकून दोन मिनिटांत बघू शकतं.

आणि दुर्मिळ केस म्हणून तुमचा फोटो काढायचा असेल, छापायचा असेल, तर त्यालाही वेगळी लेखी संमती लागते. शिकाऊ डॉक्टरांसमोर तपासणी नको असेल तर तसं सांगता येतं. चेहरा झाका म्हणता येतं.

त्या आजीचा कागद आम्ही ओट्यावर बसून वाचला. दुसऱ्या गटाला काय, तर तिसऱ्या पानावर 'नेहमीचे उपचार'. कुठले ते लिहिलं नव्हतं. नुकसानभरपाईचा परिच्छेद होता. कमिटीचा फोन होता. मग मी विचारलं, "आजी, मुलाचे आईवडील कुठे आहेत?" मुलगा बाहेरगावी गाडीवर, सून रांजणगावला कंपनीत. आता बघा, मुलाच्या वतीने संमती द्यायची असते ती आई किंवा बापाने, नाहीतर कायदेशीर पालकाने. आजीने कितीही मायेने दिलेला अंगठा तिथे चालत नाही. हे त्या दवाखान्यात कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आजीला जरा वाईट वाटलं. "मी सांभाळते की त्याला," म्हणाली. जाऊने तिचा हात धरला.

मंगळवारी सून अर्धा दिवस रजा टाकून गेली. वहीत तीन प्रश्न लिहून नेले होते. 'नेहमीचे उपचार' म्हणजे नक्की कुठलं औषध ते तिने विचारलं, तेव्हा तिथल्या बाईंनी आत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, डोस सांगितला. तेच औषध मुलाला आधीपासून चालू होतं. नवं औषध त्याच्या जोडीला द्यायचं होतं. सुनेने कागद घरी आणला, नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला आणि पुढच्या मंगळवारी सही करून आली. तिच्या जागी दुसरी कुणी 'नाही' म्हणून आली असती तरी मी तिला तेवढाच चहा पाजला असता.

पुढच्या रविवारीही मी ओट्यावर आहे. घरात जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, असले कागद पडलेले असतील तर घेऊन या. रद्दीत घालू नका.

जयभीम.